दाढ काढल्यानंतरचा कामाचा दिवस

दातांच्या उपचाराला निघालेल्या माणसाच्या मनात दोन प्रश्न असतात. ‘दुखेल का?’ हा पहिला प्रश्न होय, आणि तो बहुधा उघडपणे विचारला जातो. ‘कामावर केव्हा जाता येईल?’ हा दुसरा प्रश्न मात्र पुष्कळदा मनातच राहतो. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो आठवतो, तोवर पुढचा रुग्ण खुर्चीवर बसलेला असतो. वस्तुत: ज्याचे हातावर पोट आहे, ज्याची रजा संपत आली आहे, किंवा ज्याच्यावाचून एखादा वर्ग अगर एखादे दुकान अडून राहते, त्याच्या दृष्टीने दुसरा प्रश्न पहिल्याहून लहान नाही. किंबहुना याच प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे कित्येक माणसे दाढेचे दुखणे महिनोन्‌महिने अंगावर काढतात. म्हणून स्थानिक भूल दिल्यानंतर शरीरात काय घडते, ते किती वेळ टिकते आणि कोणत्या कामावर केव्हा परतावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सकाळी दात भरून घेऊन दुपारी कचेरीत हजर होणाऱ्या कारकुनाला आपण काही अपूर्व करीत आहोत असे वाटत नाही. परंतु ही सोय फार जुनी नव्हे. १८४४ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील हार्टफर्ड येथील होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वत:चीच दाढ काढवून घेतली. १८४६ च्या ऑक्टोबरात विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने बोस्टनच्या रुग्णालयात ईथरचा प्रयोग सर्वांसमक्ष करून दाखविला. भुलीच्या इतिहासातील या दोन थोर नावांचे धनी दंतवैद्य असावेत हे साहजिकच होते, कारण वेदनेशी त्यांची गाठ रोजची. तथापि या दोन्ही उपायांनी माणसाचे भानच हरपत असे. एका दाढेसाठी सारा माणूस निजवावा लागे.

केवळ दुखरी जागा तेवढी बधिर करावी आणि माणूस जागा राहावा, ही गोष्ट १८८४ मध्ये साध्य झाली. व्हिएन्ना येथील तरुण वैद्य कार्ल कोलर याने कोकेनच्या द्रावाने डोळा बधिर होतो हे दाखवून दिले. त्यानंतर थोड्याच अवधीत न्यू यॉर्क येथे विल्यम हॉल्स्टेड या शल्यवैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी खालच्या जबड्याच्या मज्जातंतूपाशी तेच औषध टोचून अर्धा जबडा बधिर केला. खालची दाढ काढताना दंतवैद्य आजही जी सुई देतात तिचे मूळ येथे आहे. परंतु कोकेन हे व्यसन जडविणारे द्रव्य होते, आणि स्वत:वर प्रयोग करता करता हॉल्स्टेड स्वत:च त्याच्या आहारी गेला. १९०५ मध्ये जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड आइनहॉर्न याचे नोव्होकेन प्रचारात आले आणि हे भय दूर झाले. पुढे १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन याने लिग्नोकेन तयार केले. त्याचा सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट याने ते प्रथम स्वत:ला टोचून पाहिले. १९४८ मध्ये ते झायलोकेन या नावाने बाजारात आले. भारतातील दंतवैद्यांच्या हाती आजही बहुधा हेच औषध असते. उपचारानंतर त्याच दिवशी कामावर परतण्याची सोय ही अशी पाऊणशे-शंभर वर्षांच्या खटपटीतून झाली आहे.

हे औषध नेमके काय करते? मज्जातंतूमधून संवेदना विद्युत्‌संदेशाच्या रूपाने धावते. तंतूच्या आवरणात अतिसूक्ष्म द्वारे असतात, आणि सोडियमचे कण त्यांतून आत शिरल्यावाचून संदेश पुढे सरकत नाही. लिग्नोकेन ही द्वारे काही काळ बंद करून टाकते. दाढेला इजा होत असते, पण तिची वार्ता मेंदूला पोहोचत नाही. औषध रक्तात वाहून जाऊ लागले की द्वारे पुन्हा उघडतात आणि ओठाला मुंग्या येऊ लागतात. औषध लवकर वाहून जाऊ नये म्हणून त्यात ॲड्रिनलिन अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असते. ॲड्रिनलिनने तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तस्राव कमी होतो व भूल अधिक काळ टिकते. सुई दिल्यावर काही जणांची छाती दोन-चार मिनिटे धडधडते ती बहुधा याच द्रव्यामुळे किंवा मनातील भीतीमुळे. धडधड ओसरली की तिचे कामावर काही सावट उरत नाही. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्याने मात्र ती गोष्ट सुई घेण्यापूर्वीच सांगितली पाहिजे.

वरचा आणि खालचा जबडा यांत येथे मोठा भेद आहे. वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असल्यामुळे दाताच्या मुळाशी टोचलेले औषध त्यातून झिरपते, आणि तेवढाच भाग बधिर होतो. खालच्या दाढांभोवतीचे हाड दाट व कठीण असते. म्हणून तेथे जबड्याच्या मागील बाजूस, मज्जातंतू हाडात शिरतो त्या ठिकाणी औषध सोडावे लागते. परिणामी त्या बाजूचे सगळे दात, अर्धा खालचा ओठ, हनुवटीचा भाग आणि बहुधा अर्धी जीभही बधिर होते. दाताच्या आतील बधिरता सुमारे तासभर पुरते, परंतु ओठ व जीभ पूर्ववत होण्यास तीन ते पाच तास लागतात. सकाळी दहा वाजता खालची दाढ भरून घेतली तर दुपारचे दोन-तीन वाजेपर्यंत ओठ जड राहणार, असा हिशेब धरून चालावे.

या अवधीत माणसाला आपले तोंड वाकडे झाले आहे असे वाटते. आरशात पाहिले तर बहुधा ते तसे नसते. ओठ हलविणारा मज्जातंतू वेगळा आहे, जीभ हलविणाराही वेगळा आहे, आणि दोघेही आपले काम करीतच असतात. हरपलेली असते ती केवळ स्पर्शाची जाणीव. क्वचित् औषध मागे लाळग्रंथीकडे पसरते व त्या बाजूची पापणी नीट मिटत नाही. हा प्रकार काही तासांत आपोआप ओसरतो, परंतु तोवर डोळा झाकून जपावा आणि वाहन चालवू नये.

शिक्षक, वकील, कीर्तनकार, तिकिटाच्या खिडकीवरील कर्मचारी, दिवसभर दूरध्वनीवर बोलणारा कारकून, या सर्वांची उपजीविका जिभेवर चालते. त्यांनी आपली वर्णमाला थोडी आठवून पाहावी. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी जी उच्चारस्थानांची मांडणी बालपणी पाठ केली जाते, तिची सत्यता अशा दिवशी पटते. क-वर्ग घशाकडून निघतो, त्याला फारशी बाधा येत नाही. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण, वरचे दात व खालचा ओठ मिळून होणारा व, आणि जिभेचे टोक जेथे अचूक टेकावे लागते ते त, थ, द, ध, न, ल, स हे वर्ण मात्र डळमळतात. उच्चार घडतो, पण तो नीट घडला की नाही याची खात्री बोलणाऱ्याला पटत नाही. म्हणून तो घाई करतो किंवा अकारण जोर लावतो, आणि शब्द अधिकच अडखळतात. सावकाश व लहान वाक्यांत बोलल्यास ऐकणाऱ्यांना विशेष काही जाणवतही नाही. तरीही ज्या शिक्षिकेला दुपारी कविता शिकवावयाची आहे तिने ती उद्यावर टाकून त्या तासाला मुलांकडून निबंध लिहून घ्यावा, हे शहाणपणाचे होय. तेवढा बदल करून देण्यात मुख्याध्यापकांचेही काही जात नाही.

बोलण्यापेक्षा अधिक जपावयाचे ते खाण्यापिण्याला. कामावर परतताच समोर चहाचा कप येतो. बधिर ओठाला तो किती कढत आहे हे कळत नाही, आणि ओठ भाजल्याचे ध्यान संध्याकाळी येते. भाकरीचा घास चावताना गाल किंवा जीभ दातांखाली सापडते, तरी वेदना नसल्यामुळे माणूस चावतच राहतो. मुले तर गंमत म्हणून बधिर ओठ चावत बसतात व दुसऱ्या दिवशी तो सुजलेला पाहून घरची माणसे घाबरतात. यास्तव ओठाची जाणीव परत येईपर्यंत कढत काही पिऊ नये व चावून काही खाऊ नये. मधुमेह असणाऱ्याने उपाशी राहू नये. त्याने उपचाराला जाण्यापूर्वीच नीट जेवून घ्यावे आणि नेहमीची औषधे चुकवू नयेत. भट्टीपाशी राबणारा आचारी, चव पाहून मसाला ठरविणारा हलवाई यांनी तर त्या दिवशी चव पाहण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

आता मुख्य मुद्दा. कामावर केव्हा परतावे हे भुलीवरून ठरत नाही. भुलीखाली काय केले त्यावरून ठरते. बधिरता उतरली म्हणजे उपचार संपला, हा समज चुकीचा आहे. त्याचप्रमाणे सुई घेतली म्हणजे दिवस बुडालाच, हाही समज तितकाच चुकीचा आहे. केवळ कीड काढून दात भरला असेल तर त्याच दिवशी कामावर जाण्यास काहीच प्रत्यवाय नाही. दाताच्या मुळाची नलिका साफ करून भरण्याचा उपचार, ज्याला सर्रास रूट कॅनाल म्हणतात, झाला असेल तर दात दोन-चार दिवस चावताना हुळहुळतो. त्यासाठी साधी वेदनाशामक गोळी पुरते, आणि कचेरीचे काम अडत नाही.

दाढ काढली असेल तर गोष्ट निराळी. रिकाम्या जागी रक्ताची गुठळी धरते. ती गुठळी हीच जखमेवरची खरी पट्टी होय. ती सांभाळणे हे पहिल्या चोवीस तासांचे मुख्य काम समजावे. दंतवैद्याने दिलेला कापसाचा किंवा जाळीच्या कापडाचा बोळा अर्धा ते एक तास घट्ट दाबून धरावा. थुंकू नये, चूळ भरू नये, ओढून काही पिऊ नये. शहाळे प्यायचे तर पेल्यात ओतून प्यावे, नळीने नव्हे. बिडी, सिगारेट, तंबाखू व मशेरी ही तर कटाक्षाने दूर ठेवावीत. गुठळी निसटली म्हणजे आतील हाड उघडे पडते, आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो. या दुखण्याचे प्रमाण धूम्रपान करणाऱ्यांत अधिक आढळते. टेबलाशी बसून काम करणारा मनुष्य साधी दाढ काढल्यावर दुसऱ्या दिवशी, आणि पुष्कळदा त्याच दिवशी दुपारनंतरही, कामावर जाऊ शकतो. गोण्या उचलणारा हमाल, विटा वाहणारी मजूर स्त्री, वाकून शेतात राबणारा शेतकरी यांनी मात्र निदान एक दिवस आणि शक्य तर दोन दिवस जड काम टाळावे. वाकल्याने व जोर केल्याने डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो आणि थांबलेले रक्त पुन्हा वाहू लागते.

हाडात रुतलेली अक्कलदाढ कापून काढली असेल तर दोन-तीन दिवसांची रजा आधीच मागावी. येथे एक फसगत हटकून होते. पहिल्या दिवशी माणसाला बरे वाटते, म्हणून तो दुसऱ्या दिवशी कामावर जातो; आणि सूज तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत अधिक असते. तेव्हा काही बिघडले असे समजून तो घाबरतो. वास्तविक हा सूज येण्याचा नेहमीचा क्रम आहे. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फाचा शेक थांबून थांबून द्यावा आणि चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार गुळण्या कराव्यात.

वरच्या मागील दाढांच्या मुळांना लागून नाकाशी जोडलेली हाडातील एक पोकळी असते. तेथली दाढ काढल्यावर क्वचित् या पोकळीकडे वाट उघडते. दंतवैद्याने तशी सूचना दिली असल्यास सुमारे दोन आठवडे जोराने नाक शिंकरू नये आणि फुंकून वाजवावयाची वाद्ये वाजवू नयेत. गोव्यातील तियात्रात किंवा गावच्या फेस्ताला कर्णा वाजविणारा वादक असो, की मंगलकार्यात सनई वाजविणारा कलावंत असो, त्याने लग्नसराईच्या अगर उत्सवाच्या तोंडावर अशी दाढ काढवून घेण्याआधी आपला व्यवसाय दंतवैद्याला अवश्य सांगावा.

वाहन व यंत्रे चालविणाऱ्यांविषयी एक गोष्ट स्पष्ट असावी. केवळ स्थानिक भुलीने मेंदूवर गुंगी येत नाही. चक्कर नसेल आणि चित्त स्थिर असेल तर वाहन चालविण्यास ती आड येत नाही. परंतु भय घालविण्यासाठी सोबत गुंगीचे औषध दिले असेल तर चोवीस तास वाहन चालवू नये, यंत्राशी काम करू नये आणि महत्त्वाच्या कागदांवर सहीही करू नये. आपल्याला कोणते औषध दिले हे विचारून घेणे हा रुग्णाचा अधिकार आहे. वेदनाशामक गोळी बधिरता पुरती उतरण्यापूर्वीच, दंतवैद्याने सांगितलेल्या मात्रेत घ्यावी. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याची जुनी चाल घातक आहे, कारण तिने हिरडी पोळते. हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याने ती आपल्या मनाने बंदही करू नये.

डब्याचा विचारही कामाच्या दिवसाचाच भाग होय. पहिले दोन दिवस मऊ भात, गोव्याकडील पेज, मूगडाळीची खिचडी, ताक, केळे असे पदार्थ कोमट किंवा गार करून घ्यावेत. इंदूरकरांनी पोह्यांवरील शेव तेवढे दिवस वर्ज्य समजावी, कारण तिचे टोकदार कण जखमेत रुततात. हैदराबादकरांनी तिखटाला आवर घालावा. बेळगावचा कुंदा मऊ खरा, पण गोडाचा चिकट थर दातांवर राहू देणे म्हणजे पुढच्या दाढेला आमंत्रण देणे होय.

इतके सांगूनही एक प्रश्न उरतो, आणि तो अधिक गंभीर आहे. ज्याला अर्ध्या दिवसाची रजाही परवडत नाही त्याने काय करावे? तो दुखणे अंगावर काढतो, लवंगेचे तेल लावतो, गोळ्या गिळतो. दरम्यान कीड दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचते व मुळाशी पू धरतो. अशा सुजलेल्या जागी शरीरातील रस आम्ल होतात, आणि आम्ल जागेत हे बधिर करणारे औषध मज्जातंतूच्या आत सहजी शिरू शकत नाही. म्हणजे ज्या वेळी भुलीची सर्वांत अधिक गरज असते, नेमकी त्याच वेळी ती कमी गुण देते. मग आधी पुवाचा निचरा, नंतर उपचार, अशा खेपा सुरू होतात. जे काम अर्ध्या दिवसात झाले असते त्यासाठी आठवडा मोडतो, आणि भरून वाचली असती अशी दाढ काढावी लागते. ‘दात कोरून पोट भरत नाही’ ही म्हण अर्ध्या दिवसाची मजुरी राखण्यासाठी दाढ गमावणाऱ्याला अक्षरश: लागू पडते. परंतु हा बोल एकट्या मजुरालाच लावणे न्यायाचे नाही. नोकर गाल धरून काम करीत असताना ज्या मालकाला ते दिसत नाही, आणि सुजेमुळे तो तीन दिवस आला नाही म्हणजे ज्याला रोष येतो, त्याचा हिशेबही कच्चाच म्हटला पाहिजे. वेळीच दिलेली नैमित्तिक रजा ही मालकाच्याही लाभाची असते.

उपचाराची साधने पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाहीत. भारतातील पहिले दंतमहाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास स्थापिले. ज्या वर्षी लिग्नोकेन बाजारात आले त्याच १९४८ सालात भारतात दंतवैद्यक कायदा होऊन दंतवैद्यांची नोंदणी सुरू झाली. गोव्यातील १९८० साली स्थापन झालेले दंतमहाविद्यालय बांबोळी येथे आहे. अशा महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांतून खासगी दवाखान्यांच्या मानाने अल्प खर्चात उपचार होतात. नोंदणी झालेल्या दंतवैद्याकडेच जावे. शक्य तर सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे रक्त थांबले नाही किंवा काही शंका आली तर दिवसाउजेडी दवाखाना उघडा मिळतो. संध्याकाळी उपचार घेतला तर भूल कामाच्या आड येत नाही हे खरे, परंतु ती रात्रीच्या जेवणाच्या वेळी सोबतीला असते.

काही लक्षणे दिसताच मात्र काम सोडून दवाखाना गाठला पाहिजे. बोळा तासभर दाबूनही रक्त थांबत नाही, तिसऱ्या दिवसानंतर सूज ओसरण्याऐवजी वाढते, ताप चढतो, तोंड उघडणे दिवसेंदिवस कठीण होते, किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ अगर जीभ बधिरच राहते, अशा वेळी रजेचा विचार करीत बसू नये. गिळण्यास किंवा श्वास घेण्यास अडचण होऊ लागली तर क्षणाचाही विलंब न लावता मोठ्या रुग्णालयात जावे.

दंतवैद्याच्या खुर्चीवरून उठण्यापूर्वी प्रत्येकाने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. बधिरता साधारण किती वाजता उतरेल, आपल्या विशिष्ट कामावर केव्हा जाता येईल, आणि कोणते लक्षण दिसल्यास परत यावे. आपण काय काम करतो हे त्याआधी आपणहून सांगावे, कारण खुर्चीवर तोंड उघडून बसलेला मनुष्य हमाल आहे, शिक्षक आहे की सनईवादक, हे त्याच्या दातांवरून ओळखता येत नाही. आणि ज्यांच्या हाताखाली दहा-पाच माणसे काम करतात त्यांनी उद्या सकाळी कोणी गाल धरून बसलेला दिसला, तर त्याने मागण्याची वाट न पाहता त्याला अर्धा दिवस मोकळा करावा.